तवंग आणि बोये: किनाऱ्यावरच्या टेहळणी उड्डाणात काय पाहायचं, कसं मोजायचं

समुद्रावर तेल सांडल्याची खबर आली की जो तो एकच विचारतो: किती सांडलं? विमानातून पाहणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर सर्वात शेवटी देता येतं. आधी ते खरोखर तेल आहे का, कुठे आहे, कुठे सरकतंय आणि त्यातला जाड भाग कोणता, हे ठरवावं लागतं. डहाणू ते वेंगुर्ला या पट्ट्यात हे काम आणि बोये (जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), दीपस्तंभ पाहण्याचं काम एकाच फेरीत करता येतं, आणि ते तसंच करावं असं आमचं ठाम मत आहे. वरवर दोन्हींचा संबंध दिसत नाही. पण बोयाकडे नीट पाहिलं नाही तर तेलाचा अंदाजही चुकतो. ते कसं, हे पुढे येईलच.

तयारी जमिनीवरच होते. टेबलावर त्या भागाचा सागरी नकाशा, भरती-ओहोटीचं कोष्टक, गेल्या चोवीस तासांतला वारा आणि बोयांची ताजी यादी लागते. यादी नकाशावरून करायची, पण डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नाविकांसाठीच्या सूचना पाहून दुरुस्त करून घ्यायची. काढून नेलेला बोया यादीत तसाच राहिला तर वर गेल्यावर तो शोधण्यात इंधन जातं. वाऱ्याचाही एकच आकडा पुरत नाही. पावसाळा सोडला तर कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा किनाऱ्याकडे उलटतो. कोणता वारा किती तास होता, हे मांडून ठेवलं नाही तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

गणित तसं सोपं आहे. पाण्याचा प्रवाह तेलाला पूर्णपणे आपल्याबरोबर नेतो. वारा मात्र स्वतःच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगानेच ढकलतो. पश्चिमेकडून १५ नॉटचा (तासाला १५ सागरी मैल) वारा असेल तर तेल पूर्वेकडे ०.४५ नॉटने सरकतं. तो सहा तास टिकला तर २.७ सागरी मैल, म्हणजे ५ किलोमीटर. भरतीचा प्रवाह तेल आत नेतो, ओहोटीचा बाहेर काढतो, आणि साडेबारा तासांच्या फेऱ्यात या दोघांचं बरंचसं फिटतं. उरते ती वाऱ्याची ढकल आणि किनाऱ्यालगतचा मोसमी प्रवाह, जो पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. नवखा निरीक्षक दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला चोवीस तासांनी गुणतो आणि तेल रात्रीच किनाऱ्याला लागणार असं सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात रात्री मतलई सुटतो आणि तवंग तिथेच घोटाळत राहतो.

शोधाची आखणी शिडीसारखी करतात. विमानाच्या लांब फेऱ्या वाऱ्याला आडव्या ठेवायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर थोडं पुढे सरकायचं. याला कारण आहे. मोकळ्या पाण्यात तेल वाऱ्याच्या दिशेने लांबलचक, अरुंद पट्ट्यांत ओढलं जातं. विमान त्याच दिशेने उडालं तर दोन पट्ट्यांच्या मधून निघून जाऊ शकतं आणि खाली काहीच दिसत नाही. आडवं गेलं तर एकामागून एक पट्टे कापले जातात. शोधताना उंची १,००० ते १,५०० फूट. काही सापडलं की ओळख पटवायला खाली यायचं. ताज्या गळतीवर, विशेषतः कच्च्या तेलाच्या किंवा पेट्रोलसारख्या हलक्या मालाच्या, खाली येताना वाऱ्याच्या वरच्या बाजूनेच, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडूनच यावं. वाफ वाऱ्याखाली साठते आणि ती पेट घेऊ शकते.

डॉर्नियर २२८ हे छोटं विमान या कामाला सोयीचं, कारण त्याचे पंख वर आहेत आणि खिडकीतून सरळ खाली पाहता येतं. दोन्ही बाजूंना एकेक निरीक्षक हवा आणि नोंद करणारा तिसरा. जो पाहतो त्यानेच लिहायचं ठरवलं तर वहीत मान घातलेल्या वेळात दोन-तीन किलोमीटर समुद्र मागे जातो. सूर्य पाठीशी ठेवावा. सकाळी किनाऱ्याकडे तोंड करून पाहिलं तर पाण्यावर नुसती चकाकी दिसते. अशा वेळी शिडीची दिशा थोडी बदलावी लागली तरी चालेल.

पोलराइज्ड चष्म्याने चकाकी कापली जाते आणि तवंगाच्या कडा उठून दिसतात. पण विमानाची खिडकी ॲक्रिलिकची असते. ताणाखालच्या ॲक्रिलिकमधून पोलराइज्ड काच लावून पाहिलं की इंद्रधनुषी पट्टे उमटतात, आणि ते हुबेहूब पातळ तेलासारखे वाटतात. परीक्षा अशी: डोकं बाजूला झुकवा, चष्मा क्षणभर काढा. पट्टे खिडकीला चिकटून राहिले किंवा गायब झाले तर ते तेल नव्हे. कॅमेऱ्याला पोलराइज्ड फिल्टर लावलेला असेल तर फोटोतही हेच होतं, आणि तेव्हा चष्मा काढायची सोय नसते. म्हणून पुराव्याचे फोटो फिल्टरशिवायही घ्यावेत.

खोट्या तेलाची यादी मोठी आहे. ढगाची सावली, वारा पडल्यावर दिसणारे गुळगुळीत पट्टे, तरंगणारं शेवाळ, सांडपाण्याचा निचरा, पावसाळ्यात वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या मुखातून बाहेर पडणारं गढूळ पाणी. या किनाऱ्यावर सर्वात जास्त फसवते ती ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाची वाढ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, समुद्र शांत असताना, ती पिवळट-तपकिरी पट्ट्यांत पसरते, तेही वाऱ्याच्या दिशेनेच. १,००० फुटांवरून ती तेलाच्या घट्ट तपकिरी मिश्रणासारखी दिसते. खाली आलं की लाकडाच्या भुशासारखे कण दिसतात, कडेला चंदेरी किंवा रंगीत झालर नसते. तेलाच्या जाड पट्ट्याभोवती ती झालर बहुधा असतेच. झालर नाही, तर शंका घ्या. ढगाची सावली ओळखायला वर पाहणं पुरतं, पण घाईत तेही राहून जातं. गढूळ पाण्याची कड खाडीच्या मुखाशी जाऊन मिळते आणि ओहोटीबरोबर पुढे सरकते. एवढं करूनही खात्री होत नसेल तर अहवालात 'संशयित' असंच लिहायचं आणि बोटीकडून नमुना घ्यायला सांगायचं. संशयिताला तेल म्हटल्याने एक जहाज विनाकारण हलतं. तेलाला शेवाळ म्हटल्याने खाजणातली तिवरं काळी होतात. दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे निर्णय घेताना लक्षात असावं.

आता मोजमाप. यासाठी जगभर वापरली जाते ती बॉन कराराची (उत्तर समुद्राकाठच्या देशांचा प्रदूषणाविरुद्धचा करार) सारणी. तिच्यात तेलाच्या दिसण्यावरून जाडी ठरवतात आणि रूपं पाच आहेत. पहिलं चंदेरी-राखाडी: जाडी ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे एका चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. दुसरं इंद्रधनुषी: ३०० ते ५,००० लिटर. तिसरं धातूसारखं चकचकीत: ५,००० ते ५०,०००. चौथ्यात तेलाचा खरा रंग तुटक-तुटक दिसतो: ५०,००० ते २,००,०००. पाचव्यात खरा रंग सलग दिसतो: २,००,००० लिटरच्या वर. पहिल्या तिन्ही रूपांत दिसणारा रंग तेलाचा नसतो, प्रकाशाचा असतो. त्यामुळे चंदेरी किंवा इंद्रधनुषी तवंग पाहून हे डिझेल की फर्नेस ऑइल, हे सांगता येत नाही. तिसऱ्या रूपात तर आकाशाचंच प्रतिबिंब असतं: निरभ्र दिवशी निळसर, श्रावणातल्या ढगांखाली शिशासारखं राखाडी. तोच तवंग दोन दिवसांत दोन रंगांचा दिसला म्हणून दोन गळत्या समजू नयेत.

एक हिशेब पुरा करून दाखवतो. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग १२० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. तवंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला ९७ सेकंद लागले: लांबी ६ किलोमीटर. आडवं कापायला ८ सेकंद: रुंदी अर्धा किलोमीटर. वेग जमिनीसापेक्षच घ्यायचा. हवेतला वेग घेतला तर २० नॉटच्या वाऱ्यात लांबी सहाव्या हिश्श्याने चुकते. तवंग ज्यात बसतो तो चौकोन ३ चौरस किलोमीटरचा झाला. पण त्यात मध्ये स्वच्छ पाणीही आहे. तेलाने झाकलेला भाग ८० टक्के धरला, तर क्षेत्र २.४ चौरस किलोमीटर. त्यात चंदेरी ६० टक्के, इंद्रधनुषी ३०, धातूसारखा ९ आणि खऱ्या रंगाचा तुटक भाग फक्त १ टक्का.

चंदेरी १.४४ चौरस किलोमीटरमध्ये ५८ ते ४३२ लिटर. इंद्रधनुषी ०.७२ मध्ये २१६ ते ३,६००. धातूसारख्या ०.२१६ मध्ये १,०८० ते १०,८००. आणि त्या एक टक्क्यात, ०.०२४ चौरस किलोमीटरमध्ये, १,२०० ते ४,८०० लिटर. एकूण सुमारे २,५५० ते १९,६०० लिटर. खालचा आकडा पाहिला तर जवळजवळ निम्मं तेल एक टक्का जागेत आहे, आणि डोळे दिपवणारा चंदेरी पसारा सगळा मिळून दोन-अडीच टक्केच भरतो. फोटोत आणि बातमीत मात्र तोच पसारा येतो. कायदेशीर कारवाईसाठी खालचा आकडा वापरायचा, साफसफाईची तयारी वरच्या आकड्यावर करायची. दोन्ही द्यावेत. मधला एकच आकडा देणं सोयीचं वाटतं, पण तो कशालाच आधार नसलेला असतो.

ही सारणी एका ठिकाणी चालत नाही. लाटांनी घुसळून तेलात पाणी मिसळलं की तपकिरी, कधी नारिंगीकडे झुकणारं घट्ट मिश्रण होतं. या कामातले लोक त्याला चॉकलेट मूस म्हणतात. त्यात ६० ते ८० टक्के पाणी असू शकतं, आणि त्याची जाडी वरून कळत नाही. तिथे फक्त क्षेत्र, रंग आणि ठिगळांचा आकार लिहायचा. लिटर लिहू नयेत.

उपकरणं असतील तर मदत होते, पण त्यांच्या मर्यादा ठाऊक हव्यात. तेल पाण्यावरच्या बारीक लहरी दाबतं म्हणून रडारला ते काळं दिसतं. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली गेला की सगळा समुद्रच काळा दिसतो, आणि वारा फार वाढला की तेल पाण्यात मिसळून खूण पुसट होते. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात दिवसा जाड तेल गरम दिसतं, मध्यम थंड, आणि पातळ दिसतच नाही. अतिनील कॅमेरा उलट सर्वात पातळ थरही पकडतो. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की जाड भाग कुठे आहे हे झटकन कळतं.

चालत्या जहाजामागे तवंगाची रेघ दिसली तर काम वेगळं. इंजिनखोलीतलं तेलकट पाणी सोडायची मर्यादा दशलक्ष भागांत १५ आहे आणि तेवढ्याने डोळ्यांना दिसणारी रेघ उमटत नाही. रेघ दिसली म्हणजे मर्यादा ओलांडली असण्याचा सबळ संशय. पण पामतेलाच्या टाक्या धुतलेलं पाणीही अशीच रेघ सोडतं, म्हणून निवाडा वरून करू नये. फोटो तीन हवेतच: रेघ जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन मिळते हे दाखवणारा, जहाजाच्या पुढचं पाणी स्वच्छ आहे हे दाखवणारा, आणि नाव व आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) वाचता येईल असा. दुसरा फोटो हमखास राहून जातो, आणि मग जहाज आधीच पडलेल्या तवंगातून गेलं असं म्हणायला जागा उरते.

आता बोये. आपल्याकडे आयाला या सागरी खुणांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'अ' पद्धत आहे: बंदरात शिरताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवे. विमानातून प्रत्येक बोयाचा रंग, अंक, डोक्यावरची खूण, झुकाव आणि जागा पाहायची. लाल रंग उन्हाने उडून नारिंगी-गुलाबी झालेला असतो. जहाजावरच्या माणसाला तो दुरून ओळखू येणार नाही, म्हणून तीही नोंद हवी. डोक्यावरची खूण तुटलेली असेल तर दिशादर्शक बोया (धोक्याच्या कोणत्या बाजूला पाणी सुरक्षित आहे हे सांगणारा) अर्धा निकामी: उत्तरेच्या बोयाचे दोन्ही शंकू वर टोक केलेले, दक्षिणेचे खाली, आणि ते नसतील तर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या क्रमावरच विसंबावं लागतं. सौर पाट्यांवर पक्ष्यांची विष्ठा साचते, त्यातून रात्री दिवा मंदावतो. दिवा चालू आहे का, हे दिवसाच्या फेरीत कळत नाही. त्यासाठी रात्रीची फेरी, किंवा बोयावर एआयएस (ओळख आणि जागा रेडिओवर आपोआप कळवणारी यंत्रणा) असेल तर त्याचा संदेश पाहावा लागतो.

जागा तपासताना घाई नडते. बोयाच्या नेमकं वर आल्यावर जीपीएसचं बटण दाबायचं, पण १२० नॉटला एका सेकंदाचा उशीर म्हणजे ६२ मीटरची चूक. म्हणून समोरासमोरच्या दोन दिशांनी जाऊन दोन नोंदी घ्यायच्या आणि सरासरी काढायची. उशिराची चूक एकमेकींना कापते. शिवाय बोया एका जागी खिळलेला नसतो. तळाशी ठोकळा असतो, साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच लांब असते. १० मीटर पाण्यात ३० मीटर साखळी असेल तर बोया २८ मीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. एवढ्या फरकाला 'जागेवरून हललेला' म्हणू नये. वर्तुळाबाहेर गेलेला बोया मात्र ताबडतोब रेडिओवरच कळवावा. साखळी बहुतेकदा तुटते ती तळाला टेकते त्या भागात, कारण तिथली कडी प्रत्येक लाटेला वाळूवर घासली जाते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत म्हणूनच जास्त लक्ष द्यावं.

झुकावाचा अर्थ लावताना कोष्टक हाताशी हवं. मुंबई बंदरात उधाणाला पाणी ४ मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. ओहोटीच्या मध्यावर, प्रवाह जोरात असताना, मुंबईच्या वाटेतला बोया इतका कलतो की बुडतोय असं वाटावं. पाणी थांबल्यावर तोच बोया सरळ असतो. पाणी थांबलेलं असतानाही जो कललेला आहे, त्याच्या पिंपात पाणी शिरलेलं असण्याची शक्यता आहे.

आणि इथेच तेलाचा धागा जुळतो. बोयाच्या मागे पाण्यात जी शेपटी उमटते ती प्रवाहाची दिशा दाखवते. तेलाचे पट्टे वाऱ्याची दिशा दाखवतात. दोन्ही एका नजरेत आले की तेल कुठे जाणार हे नकाशावर लगेच मांडता येतं. कोष्टक सांगतं की भरती सुरू झाली, पण खाडीच्या तोंडाशी प्रवाह कोष्टकातल्या वेळेला वळतोच असं नाही. बोयाची शेपटी मात्र आत्ताचं सांगते. भरलेलं जहाज नांगरावर असेल तर त्याचं तोंडही प्रवाहाकडे असतं. रिकाम्या जहाजावर विसंबू नये, ते वाऱ्याने फिरतं. याशिवाय बोयाच्या पाण्यालगतच्या पट्ट्यावर ताजा काळा डाग असेल तर तेल तिथून गेलं आहे, तवंग आता दिसत नसला तरी.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा ही दोन्ही कामं वेगळी काढता येत नाहीत हे साऱ्यांना दिसलं. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि बंदरांची वाट काही दिवस बंद राहिली. अशा वेळी वरून तेलाइतकंच तरंगत्या आणि अर्धवट बुडालेल्या कंटेनरांवर लक्ष ठेवावं लागतं. नवं बुडालेलं जहाज दाखवायला निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा खास बोया टाकतात. तो टाकल्यावर पुढच्या फेरीत त्याचीही जागा तपासायची.

अहवालातली सर्वात महाग चूक अक्षांश-रेखांशाच्या लिखाणात होते. १८ अंश ५४.५० मिनिटं म्हणजे ५४ मिनिटं ३० सेकंद. रेडिओवर कुणी ते ५४ मिनिटं ५० सेकंद ऐकलं तर बोट ६०० मीटरहून जास्त लांब जाते, आणि ६०० मीटरवरचा जाड पट्टा बोटीवरून दिसत नाही. म्हणून 'दशांश' हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारायचा आणि समोरच्याकडून आकडा परत म्हणून घ्यायचा.

बोटीच्या ब्रिजवरून, म्हणजे सुकाणूच्या खोलीतून, पाणी तिरकं दिसतं. तिथल्या माणसाला चंदेरी तवंग आणि जाड पट्टा यांतला फरक कळणं कठीण. त्यामुळे तेल उचलणारं जहाज आलं की विमानाने पट्ट्याच्या अक्षावरून सरळ जायचं आणि 'इथे सुरू', 'इथे संपला' असं बोलून दाखवायचं. पट्ट्याची दिशा अंशांत, लांबी मीटरमध्ये, आणि जहाजाने कोणत्या टोकाने शिरायचं तेही. साधारणपणे वाऱ्याखालच्या टोकाला तेल जास्त जाड असतं, शिरायचं तिथूनच. इंधन परतीच्या मर्यादेला येण्याआधी पुढच्या विमानाला हाच पट्टा, त्याची वेळ आणि शेवटची जागा सांगायची, आणि मगच वळायचं.